चांदणी चौकातली तेजी

कोथरूडचा जुना टू बीएचके विकून बाणेरला थ्री बीएचके घ्यायचा घाट आम्ही घातला. दोन्ही कामांना एकच एजंट धरला.

सकाळी अकराला ते आमच्या हॉलमध्ये आले. चहा घेतला, भिंतीवरची ओल बोटाने चाचपून पाहिली आणि बोट रुमालाला पुसत म्हणाले, "काका, मार्केट फार डाऊन आहे. रिसेलला कुत्रं विचारत नाही. 80 लाखांची सीरियस पार्टी आहे, सोडू नका." मी 85 म्हणालो. "बघा बुवा, तुमची इच्छा," ते म्हणाले. आयसीयूबाहेर डॉक्टर ज्या सुरात बोलतात, त्या सुरात.

दुपारी त्यांच्याच गाडीतून बाणेरला निघालो. चांदणी चौक ओलांडेपर्यंत मार्केट चढले होते. "काका, दिवाळीनंतर हा रेट विसरा. आजच एक पार्टी बघून गेली, टोकन घेऊनच येतेय." ही दुसरी पार्टी पुण्यातल्या प्रत्येक फ्लॅटला असते. ती नेहमी आपल्या आधी येऊन जाते आणि कुठल्याच सोसायटीच्या रजिस्टरमध्ये तिची सही सापडत नाही.

बाणेरला त्यांचा हुद्दाही बदलला. कोथरूडला एजंट, इथे चॅनल पार्टनर. "तुम्हाला एक रुपया ब्रोकरेज नाही, काका. बिल्डर देतो." म्हणजे सल्ला मला, पगार बिल्डरचा! महारेरा 2017 मध्ये आले, पुढे एजंटांना परीक्षाही सक्तीची झाली. त्यामुळे कार्पेटच्या व्याख्येत बाल्कनी धरत नाहीत, हे त्यांना पाठ आहे. ते आधी कार्पेट सांगतात आणि श्वासही न घेता बाल्कनी मिळवून 'युजेबल' करतात.

रात्री मी हिशेब मांडला. 85 ला विकले तर मला पाच लाख जास्त, त्यांना दोन टक्क्यांनी दहा हजार. दहा हजारांसाठी आणखी चार महिने किल्ल्या खुळखुळवत कोण हिंडेल? मीसुद्धा नसतो हिंडलो. अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातले घरविक्रीचे व्यवहार तपासून 2008 मध्ये निबंध छापला. एजंट स्वतःचे घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि 3.7 टक्के जास्त मिळवतो, असे त्यात निघाले. शिकागोत दिवाळी नसते, तरी तिथल्या गिऱ्हाइकांना घाई कोण करत असेल, ते कळले.

दुसऱ्या दिवशी फोनवर सहज विचारले, "तुमचं स्वतःचं घर कुठे हो?"

"कोथरूडलाच की! तुमच्या मागच्या गल्लीत. एक फ्लॅट रिकामाच पडलाय."

"मग या 80 च्या पार्टीला तोच दाखवा ना."

"छे हो, काका! दोन वर्षं हातही लावणार नाही. कोथरूडचे रेट बघा कसे वाढतात ते!"