टाकाल ते परत

आंबोली घाटातला मुख्य धबधबा तसा गरीब स्वभावाचा. गिरसप्प्याचा रुबाब त्याला नाही, ठोसेघरची खोली नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला आपल्या वाट्याचा झेलून सावंतवाडी-बेळगाव रस्त्याच्या कडेला मुकाट कोसळायचं, एवढंच त्याचं काम. रस्त्याला खेटून पडतो, हाच त्याचा गुन्हा. गाडीचं दार उघडल्यावर निसर्ग मिळत असेल तर रानात कोण मरायला जातो?

जुलैतल्या रविवारी कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा अशा तिन्ही बाजूंनी वरात येते. बनियन-बर्म्युडातले वीर पायऱ्यांवर ओळीने बसतात. डोक्यावर धार, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. खाली उघड्या डिकीतून स्पीकर दणाणत असतो. धबधब्याच्या आवाजाला बेस नाही, अशी जनतेची तक्रार असावी. पावसाळा सरला की धबधबा आटतो, हीही गैरसोयच. कुणा लोकप्रतिनिधीला अजून वर मोटर बसवायचं सुचलं नाही, हे धबधब्याचं नशीब.

याच भागातल्या सड्यांवर आंबोली टोड नावाचा एक भेकवर्गीय रहिवासी असतो. शास्त्राने त्याची नोंद 2009 मध्ये घेतली आणि पुढे त्याला अतिसंकटग्रस्तांच्या यादीत टाकलं. पावसात बिचारा रस्ता ओलांडायला निघतो आणि चाकाखाली येतो. त्याला बघायला मात्र कुणी गाडी थांबवत नाही. भजीसाठी थांबवतात.

धबधबा उरकला की वरात गेळ्याच्या कावळेसाद पॉइंटवर. तिथे दरीतून असा वारा चढतो की खाली पडणारं पाणी उलटं वर उडून अंगावर येतं. निसर्गाने सुरू केलेली ही राज्यातली सर्वांत चोख परतावा योजना. ना अर्ज, ना आधार कार्ड. कठड्याला रेललेल्या एका दादांनी वेफर्सचं रिकामं पाकीट दरीत भिरकावलं. वाऱ्याने ते तत्परतेने आणून त्यांच्याच गालावर चिकटवलं. एवढा स्पष्ट निरोप आम्ही कुठल्याही सरकारी फलकावर वाचलेला नाही. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, ‘भावा, परत एकदा!’ म्हणून व्हिडिओ निघाला. दुसरं पाकीटही परत आलं, तेव्हा मंडळी जरा वरमली. मग त्यांच्यातल्या एका हुशार माणसाने खाली वाकून जांभ्याचा खडा उचलला, पाकिटात घातला आणि तोंड नीट पिरगाळून फेकलं.

गेलं!