त्यापेक्षाकाका

देवकुंडचा धबधबा समोर कोसळत असताना "हे काहीच नाही" असं म्हणायला छाती लागते. त्यापेक्षाकाकांना ती आहे. आईवडिलांनी त्यांचं नाव काहीतरी वेगळं ठेवलं असणार. पण आमच्या भटक्या टोळीत ते आता कुणाला आठवत नाही.

काकांची सुरुवात घाटातच होते. ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरले की त्यांना माळशेज आठवतो. टपरीवर गरम कांदाभजी आली की ते एक उचलतात, चावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "त्यापेक्षा सिंहगडावरची!" मग उरलेली प्लेट एकट्याने संपवतात.

भिऱ्याला गाडी लावून, गावातलाच वाटाड्या घेऊन आम्ही निघालो. आधी जलाशयाच्या काठाने, मग रानातून वाट. वाटाड्या पोरगा हौसेने माहिती देत होता : घाटावरचं मुळशीचं पाणी नळांतून इथे खाली उतरवतात, १९२७ सालापासून त्यावर वीज तयार होते, आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत जातं. "त्यापेक्षा कोयना!" काका म्हणाले. "१,९६० मेगावॉट." पोरगा गप्प झाला. पुढे ओढ्यातल्या शेवाळावरून काकांचा पाय सटकला आणि ते सपशेल बसले. आम्ही धावलो, तर ते अभिमानाने उठत म्हणाले, "हरिश्चंद्रगडावर यापेक्षा जोरात पडलो होतो."

दोन-अडीच तासांनी रान संपलं. तिन्ही बाजूंनी काळा कातळ आणि मधोमध सरळ कुंडात उडी घेणारं पाणी. सगळे अवाक झाले. काकांनी कंबरेवर हात ठेवून वरपासून खालपर्यंत तपासणी केली आणि निकाल दिला, "पाणी कमी आहे. ऑगस्टमध्ये यायला हवं होतं."

"ऑगस्टात लय पाणी असतं काका," पोरगा म्हणाला. "पण बंदी असली की पोलीस गावातूनच माघारी धाडतात."

"म्हणजे तेव्हा हा बघायला कुणीच नसतं?"

"कुणीच नाय."

काकांचा चेहरा उजळला. "तोच खरा धबधबा!"

आम्ही मात्र त्यांना एकदा तरी निरुत्तर करायचं ठरवलं. नाणेघाटला नेलं. कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पडणारं पाणी उलटं आकाशात भिरकावतो, ते दाखवलं. तोंडावरचे तुषार पुसत काका म्हणाले, "पाण्याने खाली पडावं. दूधसागर कसा शिस्तीत पडतो!" पुढे दूधसागर गाठला. डोंगरातून दूध उतू जातंय, मधूनच आगगाडी जातेय. काका म्हणाले, "गर्दी फार. त्यापेक्षा जोग." शेवटी शरावतीकाठी जोगलाच नेलं. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशा चार धारा, उंची ८३० फूट. आता याच्यावर काय काढणार, म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. काका बराच वेळ बघत राहिले. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "वर लिंगनमक्कीचं धरण आहे. पाणी सोडणार ते, तेव्हा हा पडणार. आणि आपण बघायचं कुठून, तर समोरच्या कड्यावरून. त्यापेक्षा आपलं देवकुंड! पार पायथ्याशी जाऊन बसता येतं. काय पाणी होतं हो त्या दिवशी!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांना धबधबे आवडत नाहीत, हा आमचा गैरसमज होता. त्यांना सगळेच धबधबे जिवापाड आवडतात. फक्त त्यांच्याकडून कौतुक करून घ्यायचं, तर धबधब्याने आधी त्यांच्या नजरेआड व्हावं लागतं. समोर आहे तोवर त्याची चौकशी चालते. पाठ फिरली की सत्कार.

परतीच्या गाडीत मी हा शोध काकूंच्या कानावर घातला. त्या शेंगदाण्याची पुरचुंडी सोडत शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता कळतंय? मी उगीच का दर दिवाळीला माहेरी चार दिवस जास्त राहते? रोज रात्री फोन करून माझ्या आमटीचं कौतुक करतात."


"आणि परत आल्यावर?"

"परत आले की आईंची आमटी."