खोबरेल तेल लावण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम (भूम आवृत्ती)

प्रवेशाची अट एकच: डोकं असावं. केस असल्यास उत्तम, नसल्यास अर्ज फेटाळला जाणार नाही. उलट टक्कल पडलेल्या माणसाला तेलाविषयी जितके सल्ले फुकट मिळतात, तितके केसाळ माणसाच्या वाट्याला जन्मात येत नाहीत.

आधी भूगोल. भूम हे काही नारळाचं गाव नव्हे. बालाघाटाच्या डोंगरात, समुद्रापासून कोसन् कोस आत. रानात ज्वारी, तूर, सोयाबीन. तेलाचं म्हणाल तर हा करडईचा मुलूख. नारळ घरात येतो तो तुळजापूरहून, देवीपुढं वाढवलेला. नाहीतर किराणा दुकानातून सुक्या खोबऱ्याच्या वाटीच्या रूपात, आणि ती वाटी भाजून मसाल्यात जाते. तिचं तेल काढावं असं इथं कुणाच्या मनातही येत नाही. खोबरेल सगळं परमुलखातलं: खोबरं केरळचं, तमिळनाडूचं, कर्नाटकातलं. पण म्हणून इथं या विषयाचे जाणकार कमी असतील असं समजू नका. प्रत्येक ओसरीवर एक आहे, आणि तिचं वय सत्तरच्या पुढं आहे.

साहित्य: एक निळी बाटली. ती गोल का, हा प्रश्न परीक्षेत येतो. खोबरेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात मिळायचं. पॅराशूटवाल्यांनी ते प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं ठरवलं, तेव्हा दुकानदार नको म्हणाले. कारण त्याआधी कुणीतरी चौकोनी बाटल्या आणल्या होत्या, त्यांचे कोपरे उंदरांनी धरले, कुरतडले आणि गोदामात तेलाचा पूर आला. मग बाटली गोल केली, म्हणजे उंदराला दात रोवायला कोपराच नको. आणि खात्रीसाठी पिंजऱ्यात उंदीर नि बाटल्या एकत्र ठेवून पाहिल्या. ही हकीगत पॅराशूट बनवणाऱ्या मारिको कंपनीच्या हर्ष मारीवाला यांनी स्वतःच सांगितलेली आहे. नव्या बाटलीच्या तोंडाला बंद टोक असतं. कंपनीची अपेक्षा ते कात्रीनं अलगद कापण्याची. भूमची रीत चुलीत दाभण तापवून भोक पाडण्याची. भोक मोठं पडलं तर बाटली पंधरा दिवसांत संपते आणि दोष सुनेवर येतो.

आता हवामान. खोबरेल साधारण 24-25 अंशांना थिजतं. म्हणजे दिवाळी उलटली की भूममध्ये सकाळी बाटली उलटी करून कितीही दाबा, टिपूस येणार नाही. नवशिके इथंच घाबरतात. बाटली उन्हात कठड्यावर ठेवायची किंवा न्हाणीतल्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची, एवढाच इलाज. गॅसवर धरायची नाही; हे लिहावं लागतं, कारण तसं करणारे आहेत. ‘थिजतं तेच अस्सल’ ही कसोटी अर्धी खरी आहे. दुसरं पातळ तेल मिसळलं असेल तर खोबरेल नीट थिजत नाही, हे बरोबर. पण पाम गराचं तेलही थिजतं आणि ते शपथेवर स्वतःला खोबरेल म्हणवून घेऊ शकतं.

प्रत्यक्ष लावणं. हा भाग तुम्ही करायचाच नाही. तुमचं काम फक्त पायरीवर बसण्याचं.

“ये की रं हिकडं. डोस्कं बघ किती वाळलंय, पाचटावानी.”

“आजे, कालच लावलंय की.”

“काल लावलेलं काल. बस हितं.”

मग तळव्यावर तेल ओतलं जातं. ते किती याला माप नाही. तळवा भरून खाली ओघळायला लागलं की पुरे. ते आधी टाळूवर थापायचं, मग बोटांनी मुळांशी चोळायचं. उरलेलं कानामागं, मानेला, शेवटी आजीच्या स्वतःच्या कोपरांना. वाया जाऊ द्यायचं नाही हा नियम, फक्त तो आधीच्या ओतण्याला लागू नाही. माझं स्पष्ट मत असं की मध्यम लांबीच्या केसांना एक चमचा तेल रग्गड. त्यापुढचं सगळं उशीचा अभ्रा, शाळेच्या शर्टाची कॉलर आणि एसटीच्या खिडकीची काच यांच्या वाट्याला जातं.

आजीचं एक मात्र बरोबर निघालं. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायचं, हा तिचा हट्ट. 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांचा लेख आला. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून तपासलं. केसातलं प्रथिन धुतलं जाण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं ते एकट्या खोबरेलानं, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कारण त्यातलं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळं ते केसाच्या आत शिरतं. केस पाण्यानं फुगतो तो कमी फुगतो आणि कमी झिजतो. संशोधक मारिकोचे, म्हणजे त्याच निळ्या बाटलीवाल्यांचे, ही गोष्टही वहीत टिपून ठेवा. आणि लेखात केस वाढतात असं कुठंही म्हटलेलं नाही. वाढण्याचं आश्वासन देते ती आजी आणि जाहिरात.

पण आदल्या रात्री लावायचं तर दुसऱ्या दिवशी पाणी हवं. भूमच्या अभ्यासक्रमात हा सगळ्यांत अवघड धडा. कोकणातला माणूस डोक्यावर तेल ओतून विहिरीवर जातो. इथं दुष्काळी पट्टा. तेल लावण्याआधी नळाला पाणी कधी सुटणार याची शेजारी चौकशी करावी लागते. तेल काढायला नुसत्या न्हाण्यापेक्षा पाणी जास्त लागतं. त्यात बोअरचं पाणी जड; साबण फेसतच नाही, केसांवर चिकट राप बसतो. म्हणून डोक्याला साबण नको. शिकेकाई असेल तर शिकेकाई, नाहीतर रुपयाची शाम्पूची पुडी. डोक्यात तेल आणि बादलीत खडखडाट अशी वेळ लग्नाच्या आदल्या दिवशी आली, तर टँकरवाल्याला मामा म्हणायची तयारी ठेवा.

कोंडा झाला की तेल, हा सार्वत्रिक सल्ला. तो पाळू नका. कोंड्यामागं बहुधा मलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावरच जगते. तुम्ही तिला रोज जेवू घालताय. औषधी शाम्पू लावा. केस पुंजक्यानं गळत असतील, टाळूवर चकत्या पडल्या असतील, तर बाटली बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

अंगाचं प्रकरण थोडक्यात. हिवाळ्यात कोपरं, पोटऱ्या, टाचांच्या भेगा, ऊस तोडून आलेले हात यांना खोबरेल छान. अंग ओलं असतानाच लावलं तर अधिक छान. चेहऱ्यावर मुरमं येण्याचं वय असेल तर तोंडाला लावू नका, छिद्रं बुजतात. उन्हापासून ते वाचवत नाही. भाजल्यावर लावायचं नाही, आधी गार पाण्याची धार. लेकराची टाळू भरताना हात फुलासारखा हलका, आणि कानात, नाकात तेलाचा थेंब नको, न्हाऊ घालणारी बाई कितीही जुनी असली तरी.

ज्यांची एवढ्यावर तहान भागत नाही त्यांच्यासाठी काळं तेल: जास्वंदीची फुलं, माका, कढीपत्ता खोबरेलात मंद आचेवर उकळून गाळायचं. घरभर वास सुटतो. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं, म्हणून तडतड थांबेपर्यंत उतरवायचं नाही. गुण म्हणाल तर मला त्यात मूळ तेलाचाच दिसतो.

शेवटचा धडा कायद्याचा. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की लावायचं, यावर करखातं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडले. सर्वोच्च न्यायालयात 2018 साली दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी तिघांच्या पीठानं निकाल दिला: केसांचं तेल म्हणून तशी नोंद असलेलं वेष्टन नसेल, तर लहान बाटलीतलं खोबरेलही खाद्यतेलच. तेव्हा खाद्यतेलाला 5 टक्के जीएसटी होता आणि केसांच्या तेलाला 18. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांचं तेलही 5 टक्क्यांवर आलं. तेव्हा आता बाटलीवर काहीही छापलेलं असो, कर तेवढाच. उरलेलं तेल भाजीच्या फोडणीला वापरायला सरकारची हरकत नाही. भूममध्ये घरच्यांना विचारून घ्या.