कितवा गं?

(मंचावर लोकलचा एक बाक. ती येते. एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटावर. बाक रिकामा असूनही उभीच राहते.)

बसत नाही हं मी. बसले की लगेच विचारतात. उभी राहिले तरी विचारतातच म्हणा, पण उभं असलं की पळता येतं.

तर हे पोट. (बाजूला वळून दाखवते) यात बाळ नाही. यात मोठं आतडं आहे आणि ते रुसलंय. अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्याच माणसाला बडवतात. आत जखमा, रक्त, आणि दिवसातून बारा वेळा... तुम्ही मध्यंतरात वडा खाणार आहात ना? मग राहू दे.

पहिले आठ महिने त्याला मूळव्याध म्हणत होते. शेजारच्या काकू सुरणाची भाजी आणून द्यायच्या. आठ महिने सुरण! मग दुर्बीण घातली, कुठून ते विचारू नका, आणि दुखण्याला नाव मिळालं. याची एक सख्खी बहीण आहे, क्रोन्स. माझं दुखणं मोठ्या आतड्यापुरतं. ती बया तोंडापासून पार खालच्या टोकापर्यंत कुठेही बिऱ्हाड थाटते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी मिळून तिच्यावर लेख लिहिला. क्रोन, गिन्झबर्ग, ओपनहायमर. नाव लागलं एकट्या क्रोनचं, का, तर एबीसीडीत तो पहिला! हजेरीपटात पहिलं असण्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

मला स्टेरॉइड दिलं. ४० मिलिग्रॅमपासून सुरू, दर आठवड्याला पाच कमी. आतडं निवतं, पण तोंड पुरीसारखं फुगतं आणि रात्री दोन वाजता फ्रिज उघडून उभं राहावं लागतं. वर गॅस धरून पोट टम्म. आता तुम्हीच सांगा, तिशीतली बाई, लग्नाला चार वर्षं, गाल वर, पोट पुढे, दर अर्ध्या तासाला बाथरूम. लोकांनी दुसरं काय समजायचं!

हळदीकुंकू. काकूंनी माझी ओटी भरली, पोटाकडे पाहून आणखी एक केळं घातलं. "कितवा गं?"

म्हटलं, "सातवा."

"सातवा? आणि आम्हाला पत्ताच नाही!"

"अहो काकू, सकाळपासून सातव्यांदा जाऊन आले."

(थांबते) तिळगूळ काकूंच्या हातातच राहिला.

नवऱ्याला कुणी विचारत नाही. त्याचं पोट माझ्याहून मोठं आहे! त्याला म्हणतात, "तब्येत सुधारली."

(हसू ओसरतं) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल होऊ शकतं, फक्त आधी आतडं सहा महिने शांत राहू दे. साडेचार महिने राहिलं. मग उठलं. त्याच आठवड्यात कुणी "कितवा" विचारलं ना, की... (हात झटकते) जाऊ दे. गाडी आली.

डोंबिवलीची फास्ट. लोकलमध्ये संडास नसतो. ठाणे, घाटकोपर, दादर, कुठला संडास प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला, कुठली कडी लागत नाही, सगळं तोंडपाठ. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं. मला नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात आतडं नाही.

त्या दिवशी कळ आली. घामानं डबडबले. खिडकीतल्या मावशी उठल्या. "बस गं. कितवा?" आणि मी... (बाकावर बसते, मान खाली) "सहावा सरला."

अहो, चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकवायला जिथे भांडणं होतात, तिथे खिडकी! रोज! कुणी आवळा देतंय, कुणी चिंच. माझ्या आतड्याला चिंच! नको म्हटलं तर कौतुक: "उलटे डोहाळे लागलेत हो हिला."

पुढच्या शुक्रवारी चढले, तर डब्यात फुगे. वर्गणी काढून आणलेली हिरवी साडी खांद्यावर. डोहाळजेवण! समोर झाकलेल्या दोन वाट्या. "उचल गं एक. पेढा की बर्फी?" (दोन्ही हात वाट्यांवर) अख्खा डबा माझ्या हाताकडे बघतोय. रोज एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या सगळ्या. मला रडूच आलं. "होतं गं असं सातव्यात," मावशी म्हणाल्या.

"नाहीये," मी म्हटलं. "बाळ नाहीये. आतडं आहे. मोठं."

(शांतता. फक्त गाडीचा खडखडाट.)

दारापाशी एक कॉलेजातली मुलगी असते. दोन वर्षांत अवाक्षर बोललेली नाही. तिनं कानातले इअरफोन काढले.

"कोलायटिस की क्रोन्स?"

"कोलायटिस."

"माझं क्रोन्स." गर्दीतून वाट काढत आली, माझे गाल नीट निरखले. "कितवा?"

"अं?"

"स्टेरॉइडचा. कितवा आठवडा?"

(बाकावर सरकते, शेजारी हात थोपटते.)

"पाचवा. विसावर आलेय. बस."

(अंधार)