सीट बसते, बसतच जाते

पुण्याच्या जुन्या पेठेतल्या एका निवृत्त काकांच्या सायकलची फ्रेम तळाच्या सांध्यापाशी तडकली. सायकल कॉलेजच्या दिवसांपासूनची. तिला भंगारात काढणं घराण्याला शोभलं नसतं. काकांनी रविवारी जुना बाजार गाठला, रीतसर घासाघीस केली आणि रंग उडालेली, पण कुठेही न वाकलेली एक फ्रेम खांद्यावर टाकून आणली. चाकं, हँडल, पॅडल, मडगार्ड, सगळं बिनतक्रार नव्या फ्रेमवर चढलं. माशी शिंकली ती सीटच्या पिलरपाशी.

पिलर नळीत गेला. फारच सहज गेला, हीच त्यातली मेख. बोल्ट आवळून काका निघाले तेव्हा पाय पुरता लांब होत होता. चौकापर्यंत गुडघे वर येऊ लागले, आणि पुलावर तर मागून बघणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ नातवाची सायकल पळवून चाललेत.

वाड्यात सल्ल्यांना कधीच तोटा नसतो. ‘अजून आवळा’ हा पहिला सल्ला, आणि सगळ्यात घातक. नळीच्या तोंडाशी मागच्या बाजूला एक चीर असते. बोल्ट आवळला की चिरेचे दोन कान जवळ येतात आणि नळी पिलरला धरते. पण ही सोय केसभर फटीपुरतीच. फट त्याहून मोठी असली की कान एकमेकांना जाऊन भिडतात, चीर वर मिटते, खाली उघडीच राहते आणि पिलर फक्त काठावर पकडला जातो. मग दर खड्ड्याला तो आत डुलतो, काठ झिजवतो, आणि असंच चालू राहिलं तर चिरेच्या टोकापासून नळीला तडा जातो. पुण्यात या प्रयोगासाठी खड्डे मुद्दाम शोधावे लागत नाहीत.

शेवटी काका मिस्त्रीकडे गेले. त्याने बोल्ट सैल करून पिलर उपसला आणि उलटा धरून बुडाशी अंगठा घासला. काळ्या ग्रीसखालून आकडा उगवला: 26.6. मग कान मोकळे करून नळीत व्हर्नियरचे जबडे दोन-तीन दिशांनी लावून पाहिले. “काका, नळी 27.2 ची आहे. तुमचा पिलर बारीक पडतोय.”

सहा दशांश मिलिमीटर! एवढ्यासाठी अख्खी सीट खाली जावी?

पण सायकलच्या दुनियेत पिलरची मापं दोन-दोन दशांशांनी चढतात: 26.2, 26.4, 26.6, आणि पुढे तशीच. एवढी बारीकसारीक मापं कोणा कारकुनाच्या डोक्यातून आलेली नाहीत. पारंपरिक पोलादी फ्रेममध्ये सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा 28.6 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. बाहेरचं माप ठरलेलं, तेव्हा पत्रा जाड झाला की आतली जागा आक्रसते. चांगलं, मजबूत पोलाद असेल तर पत्रा पातळ ठेवता येतो, फ्रेम हलकी होते आणि पिलर 27.2 चा लागतो. साध्या पोलादाला जाड पत्रा लागतो, म्हणून पिलर बारीक. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राउन (1944–2008) यांनी कुठल्या सायकलला कुठल्या मापाचा पिलर लागतो याची लांबलचक यादीच करून ठेवली होती. ती वाचताना एखाद्या मोठ्या घराण्याची वंशावळ चाळल्यासारखं वाटतं.

आणि इथेच काकांच्या काळजाला घरं पडली. आपली जुनी फ्रेम ‘अस्सल विलायती माल’ असल्याचं ते आयुष्यभर सांगत आले होते. तिचं माप निघालं 26.6, म्हणजे जाड पत्रा, मध्यमवर्गीय कूळ. उलट जुन्या बाजारातली ही बेवारशी, बिनस्टिकरची पोर 27.2 ची! ही रेनॉल्ड्स 531 तर नसेल? बर्मिंगहॅमच्या या नळ्या 1935 मध्ये बाजारात आल्या, आणि पुढे जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या सांगाड्यातही वापरल्या गेल्या. काका फ्रेमला टिचक्या मारून कान लावू लागले. मिस्त्रीने हातातलं काम थांबवलं नाही.

तात्पुरता इलाज त्यानेच सांगितला: कोल्ड्रिंकचा रिकामा डबा. डब्याचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर जाड, म्हणजे एक फेरा गुंडाळला की व्यास दोन दशांशांनी वाढतो, बरोबर एक माप. काकांना तीन फेरे हवे होते. डबा मिळवणं सोपं नव्हतं. सकाळी सकाळी कचराकुंडीशी डबे निरखणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाविषयी पेठेत काय काय बोललं जातं, ते इथे न लिहिलेलं बरं. पत्रा कात्रीने कापताना बोट कापलं. वरची कड बाहेर दुमडावी लागते, नाहीतर पट्टी पिलरबरोबर नळीत उतरते. ही गोष्ट पहिली पट्टी नळीत उतरल्यावर कळली.

सीट थांबली. पण दर पॅडलला कुई-कुई सुरू झाली, आणि दुमडलेल्या कडेवरचा लालभडक रंग काकूंच्या नजरेतून सुटला नाही.

मग नवा 27.2 चा पिलर आला. नळीत असा गेला की हवा सुस्कारा टाकत बाहेर पडली. काकांनी अभिमानाने जुनी स्प्रिंगची सीट पुढे केली. मिस्त्रीने पिलरचं डोकं पाहिलं: सात मिलिमीटरच्या दोन तारा बसतील एवढ्या दोन खाचा. मग सीट उलटी करून पाहिली. खाली चार तारा आणि जुन्या साध्या नळीच्या पिलरला आवळायचा तिचा स्वतःचा क्लॅम्प.

“काका,” मिस्त्री म्हणाला, “शीट पण बदलावी लागंल.”