स्टिकरखालची रिओहा

स्पॅनिश रेड वाईनच्या बाटलीवर एमआरपीचा स्टिकर नेमका मागच्या लेबलावरच का डकवतात? भीमाशंकरहून घोडेगाव-मंचरमार्गे नाशिक रस्त्याला लागलं की ‘वाईन शॉप’च्या पाट्या दिसू लागतात. आत व्हिस्की, रम, बिअर. वाईन असलीच तर सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याखाली तापत उभी. तेही एक वेळ चालवून घेऊ, पण हा स्टिकर चालवून घेता येत नाही.

स्पेनच्या रिओहा प्रदेशातल्या प्रत्येक बाटलीच्या मागे तिथल्या नियामक मंडळाची छोटी पट्टी असते आणि तिच्या रंगावरून वाईन कळते. हिरवी असेल तर मुरवण्याची अट नाही. लाल म्हणजे क्रिआन्सा: दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक ओकच्या पिंपात. गडद डाळिंबी म्हणजे रेसेर्वा, तीन वर्षांची. निळी ग्रान रेसेर्वाची: पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. 225 लिटरच्या पिंपात जेमतेम 300 बाटल्यांची वाईन मावते, पिंप महाग असतं आणि तेवढी वर्षं पैसा तळघरात अडकून पडतो. दाम वाढतो तो यामुळे. आपल्याकडे बरोबर त्या पट्टीवर आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक आणि किंमत येऊन बसते. नखाने खरवडायला जावं तर दोन्ही कागद एकदमच फाटतात. बाटलीच्या गळ्याखाली वीतभर कोरी काच असते, तिथे लावा ना!

जुन्नरचा बागायतदार युरोपला द्राक्षं पाठवतो, तेव्हा ग्रेपनेट या निर्यात-नोंदणी प्रणालीवर बागेची नोंद लागते, कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी लागते. तिकडे पेटी उघडणाऱ्याला थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. तिकडून येणाऱ्या बाटलीबद्दल मात्र याच तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला साधं सालही दिसू नये?

त्यात किमतीवरून काही ताडावं, तर तीही वाईनची राहिलेली नसते. आयात शुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के. 2021च्या अर्थसंकल्पात त्याची 50 टक्के शुल्क आणि 100 टक्के कृषी उपकर अशी फोड झाली, बेरीज तीच राहिली. बंदरात 400 रुपयांना उतरलेली बाटली तिथेच हजाराची होते. राज्याचा कर, वितरक, दुकानदार हे त्यानंतर. स्पेनमध्ये दोन पट्ट्यांच्या किमतीत दोन-तीन युरोंचा असलेला फरक इथे हजार रुपयांपर्यंत जातो. म्हणून निळ्या पट्टीच्या नादी न लागता लाल पट्टी घ्यावी. त्याहून बरं म्हणजे रिओहाचं नावच सोडावं. स्पेनमधल्याच काम्पो दे बोर्हा आणि कालातायुदची गार्नाचा द्राक्षाची वाईन, हुमियाची मोनास्त्रेल द्राक्षाची: कोरडा, उन्हाचा मुलूख, जुन्या वेली आणि नावाचा बोलबाला कमी, म्हणून स्वस्त. रस्सेदार मटणासोबत मला तरी ग्रान रेसेर्वापेक्षा हीच आवडते.

आणि देशी बाटलीचं काय? 1980च्या दशकात शामराव चौगुल्यांनी याच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात शातो इंडाज ही वायनरी उभी केली, इथली फेसाळ ओमर खय्याम परदेशात विकली. रिओहाचं मुख्य द्राक्ष तेंप्रानिल्यो, त्याची वाईन नाशिक जिल्ह्यातल्या चारोसा वायनरीनेही केली. गुणवत्तेला इथे तोटा नाही. पण आपल्याकडे बाटलीवरच्या ‘रिझर्व्ह’ या शब्दामागे ठरलेली वर्षं नाहीत, वाढीव किंमत तेवढी आहे. किती महिने, कोणत्या लाकडात, एवढं तरी छापा. ते छापल्याशिवाय त्या शब्दाचे जादा पैसे मी मोजणार नाही.