तिखट कोण देणार?

आप्पांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांना भाऊसाहेब म्हणत असतील, कदाचित ती तुमची मावससासू असेल, पण ओळखता नक्की. पेपरात कुठल्याही संकटाची बातमी आली की बाकीचे लोक हळहळतात आणि ही माणसं किलोभर ब्याडगी मिरची आणतात.

माझा राग बेगमीवर नाही. कोकणात पावसाआधी अगोट भरतात, देशावर उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करून ठेवतात, त्याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच, की आप्पांच्या घरात तांदूळ जेमतेम पंधरवड्याचा असतो आणि मसाला सात वर्षांचा. एकदा न राहवून मी विचारलं, "आप्पा, उद्या खरंच काही झालं तर हे तिखट नुसतं खाणार का?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "धान्य कुणीही देईल रे. सरकार देईल, मंडळवाले देतील, गुरुद्वारावाले देतील. तिखट कोण देणार?"

माळ्यावर चिनी मातीच्या बरण्या ओळीने बसलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाला दादरा, दादऱ्याखाली हिंगाचा खडा, पोटावर चिठ्ठी. चिठ्ठीवर मसाल्याचं नाव नसतं, संकटाचं असतं. 'पूर', 'भूकंप', 'युद्ध', 'संप', आणि कोपऱ्यात एका लहानग्या बरणीवर 'पाहुणे'. यामागे विचार आहे. पुरात चूल पेटत नाही, म्हणून त्या बरणीत जवसाची आणि कारळ्याची कोरडी चटणी. भूकंपाच्या बरणीत सगळं अख्खं: लवंग, मिरी, धने, दालचिनी. का, तर बरणी फुटणार हे धरून चालायचं. "पूड सांडली की गेली. लवंग वेचता येते!" युद्धाच्या बरणीत काळं तिखट आहे, लवंगी मिरची सढळ हाताने घातलेलं. त्याचं कारण मी विचारलेलं नाही.

आता गंमत बघा. एवढा मसाला घरात असताना काकू फोडणीसाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दहा रुपयांची पुडी आणतात. कारण कुठल्याही बरणीला हात लावला की आतल्या खोलीतून आवाज येतो, "अगं ती भूकंपाची आहे!" एकदा नागपूरहून खरोखरीचे पाहुणे आले. काकूंनी आनंदाने 'पाहुणे' खाली उतरवली. आप्पांनी ती पुन्हा वर ठेवली. हे पाहुणे फोन करून आले होते. बरणी न कळवता येणाऱ्यांसाठी होती.

स्वतःच्या घरात काय ते करावं, पण आप्पा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातही शिरतात. चहाला म्हणून येतात आणि बोलता बोलता ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडतात. हळद चिमटीत धरून उजेडाकडे नेतात. "किती दिवसांची?" आमच्या घरातून एकदा उत्तर गेलं, "संपेपर्यंतची." आप्पा पंधरा दिवस आले नाहीत. मला वाटलं, सुटलो. सोळाव्या दिवशी ते अर्धा किलो हळकुंडं घेऊन आले.

उन्हाळ्यात तर इमारतीची गच्ची त्यांच्या नावावर होते. जुन्या साड्या अंथरून त्यावर ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी तिखटपणासाठी. मिरची हातात घेऊन कानाशी हलवायची. आतलं बी खडखड वाजलं तरच ती पोत्यात जाते. ओल राहिली तर बुरशी धरते हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण त्यासाठी सकाळी सात वाजता गच्चीत एक प्रौढ गृहस्थ मिरच्यांचं ऐकत उभा आहे, हे दृश्य नव्या भाडेकरूंना समजावून सांगावं लागतं. मग दगडफूल, नागकेशर, बादियान, जायपत्री, शहाजिरं तेलावर परतलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे शिंकतात. कांडपावर ते स्वतः स्टूल टाकून बसतात. आधीच्या गिऱ्हाइकाचा चमचाभर मसाला आपल्यात आला तर 'युद्धा'चा दर्जा घसरेल, ही भीती.

तरी संकटांनी आप्पांना कधी नीट साथ दिली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ते कल्याणला तळमजल्यावर राहत होते. घरात कमरेएवढं पाणी. 'पूर' ही बरणी ऐनवेळी पटकन हाताशी यावी म्हणून सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवली होती. ती सगळ्यांत आधी गेली. पुराची बरणी पुरात गेली, यावर आम्ही अजून हसतो. पण आप्पांच्या मते त्या दिवशी ते जिंकले. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना खिचडी वाटली, पांढरीफटक. द्रोण हातात धरून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं म्हणे, "बघ. धान्य दिलं ना? तिखट कुणी दिलं?"

नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीला तीन-चार दिवस झाले असताना, मीठ संपल्याची अफवा उठली. दिल्ली-उत्तर प्रदेशात लोक पिशव्या घेऊन धावले. देशाचं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं आणि समुद्र जागेवर होता, पण अफवेला भूगोल कुठे असतो? आप्पांकडे चाळीस किलो मीठ होतं. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते संध्याकाळभर दार उघडं ठेवून बसले. मीठ मागायला कुणीही आलं नाही. मी गेलो, तो सुट्टे पैसे मागायला. ते त्यांच्याकडे नव्हते.

मग आला २०२०. मार्चअखेरीस सगळं बंद झालं आणि नेमका मसाल्याचा हंगाम बुडाला. मिरची बाजारात पडून, कांडपं बंद. मे उजाडेपर्यंत इमारतीतल्या बरण्यांचे तळ दिसायला लागले आणि ज्या माळ्याला आम्ही वर्षानुवर्षं हसलो, त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. पण घोळ असा झाला की आप्पांकडे साथीच्या रोगाची बरणी नव्हती. हे त्यांना सुचलंच नव्हतं. दोन दिवस ते माळ्याखाली येरझारा घालत होते. पुराची उघडावी तर पूर नाही, संपाची उघडावी तर संप नाही, नियम म्हणजे नियम. शेवटी टीव्हीवर कुणीतरी म्हणालं की हे विषाणूविरुद्धचं युद्धच आहे. आप्पा ताडकन उठले आणि शिडी लावली.

'युद्ध' उघडलं आणि आम्ही पाहत राहिलो. रंग जुन्या विटेसारखा, वास शून्य. दळलेल्या मसाल्यातलं सुगंधी तेल वर्षभरात उडू लागतं, लालीही फिकी पडते. तिखटपणा तेवढा राहतो. खोबरं घातलेला मसाला तर कधीच खवट झाला होता. पण 'भूकंपा'चा दादरा सोडला, मिरी दाताखाली फोडली, आणि मास्कच्या आतून लोकांना वास आला. आप्पांनी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या आणि प्रत्येक दाराच्या कडीला एकेक अडकवली. पैसे घेतले नाहीत. पुडीवर फ्लॅटचा नंबर आणि तारीख मात्र लिहिली.

त्याच दिवसांत काकू जिन्यात भेटल्या. मी गमतीने म्हटलं, "अखेर आप्पांची बेगमी कामाला आली." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात हे नऊ वर्षांचे होते. बीडकडचं गाव. आईवडील दोघं खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची. भाकरी होई, पण घशाखाली उतरत नसे. आई त्यावर तिखट-मीठ पाण्यात कालवून द्यायची, मग घास खाली जायचा. एक दिवस तिखट संपलं. आई वाटी घेऊन शेजारी गेली, तिथून पलीकडच्या घरी गेली, आणि तशीच रिकामी वाटी घेऊन परत आली. "धान्य होतं हो घरात," काकू म्हणाल्या. "सरकारनं दिलं होतं."

आप्पांनी हे मला कधी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले, आमचा डबा उघडला, जिऱ्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आता माळ्यावर 'साथ' नावाची नवी बरणी आहे, आणि तिच्या शेजारी एक रिकामी, चिठ्ठीवर नुसतंच 'इतर'.

तुमच्या आप्पांचा माळा मोकळा करायच्या भानगडीत पडू नका, जमणार नाही. एवढंच पटवा: साठवायचं ते अख्खं आणि अंधारात, दळलेलं तिखट वर्षाच्या आत आणि खोबरं-तीळ घातलेला मसाला त्याच्याही आधी संपवायचा, मीठ कोरडं असेल तर कितीही वर्षं राहू द्या. आणि काकूंना रोजच्या आमटीपुरती एक बरणी उघडू द्या. तिच्यावर 'मंगळवार' लिहा, हवं तर.